महिन्याला बारा क्लासचे पैसे, हजेरी पाचच

पत्र

मी 41 वर्षांची आहे. घरूनच काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. कंबर धरायला लागली म्हणून एका मैत्रिणीच्या आग्रहावरून तीन महिन्यांपूर्वी रिफॉर्मर पिलाटेसचा, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेल्या सरकत्या फळीच्या यंत्रावर करायच्या व्यायामाचा, क्लास लावला. 12 क्लासचं पॅकेज असतं, ते 30 दिवसांत संपवायचं. पहिल्या महिन्यात 8 झाले, दुसऱ्यात 6, गेल्या महिन्यात 5. शिवाय दोनदा संध्याकाळची मीटिंग लांबली, ऐनवेळी रद्द करावं लागलं आणि ते दोन्ही क्लास पॅकेजातून वजा झाले. सुटा क्लास घ्यायचा तर दीडपट पडतो. महिन्याची फी आमच्या किराण्याच्या खर्चाइतकी आहे. नवऱ्याला मी निम्मीच सांगितली आहे आणि ते मनाला खातंय. आता क्लासवाले म्हणतात, रविवारपर्यंत वर्षाचे पैसे भरले तर 20 टक्के सूट. कंबरेला खरंच फरक पडलाय. आणि अगदी मनातलं सांगायचं तर तो एकच तास असा असतो, की मला कोणी हाक मारत नाही. घेऊ का वर्षाचं? की सगळं बंद करून घरीच व्हिडिओ लावून करू? व्यायामावर एवढे पैसे घालवणं चूक आहे का?

उत्तर

वर्षाचं पॅकेज घेऊ नका. रविवार तोंडावर आलाय म्हणून हे आधी सांगून टाकते, बाकीचं निवांत वाचा. आणि क्लासही सोडू नका. या दोन्हींच्या मधली एक वाट तुमच्याच पत्रात दडलेली आहे.

आधी तुमचे आकडे घेऊन बसूया. तीन महिन्यांत तुम्ही 36 क्लासचे पैसे भरले आणि 19 वेळा गेलात. म्हणजे एका हजेरीला जवळजवळ दोन क्लासचे पैसे पडले. क्लासच्या दरपत्रकावर काहीही लिहिलेलं असो, तुमच्यासाठी खरा भाव हा. सुटा क्लास दीडपट महाग म्हणून तुम्ही तो विचारातच घेतला नाहीत. पण 19 हजेऱ्या आणि वाया गेलेले दोन, असे 21 क्लास सुटे घेतले असते, तर साडेएकतीस क्लासचे पैसे लागले असते. तुम्ही भरले 36 चे. महाग वाटलेल्या वाटेनं गेला असतात तर साडेचार क्लासचे पैसे हातात राहिले असते.

आता ती 20 टक्के सूट. वर्षाचे भरलेत तर महिन्याचे 12 क्लास साधारण साडेनऊ क्लासच्या पैशांत मिळतील. ऐकायला छान वाटतं. पण तुमची तीन महिन्यांची सरासरी सहाच्या जरा वर आहे. त्या हिशोबानं एक हजेरी दीडपटीलाच पडते, म्हणजे सुट्या क्लासच्याच भावात, आणि तेही वर्षभराचे पैसे आधी मोजून. गेल्या महिन्यासारखे पाचच झाले तर पुन्हा दुपटीच्या जवळ. आणि 8, 6, 5 ही उतरती भाजणी आहे, हे तुम्हालाही दिसतंय. एकदा पैसे भरले की पाय आपोआप वळतील असं आपल्याला वाटतं. माझ्या पाहण्यात तरी तो धाक फार दिवस टिकत नाही. नंतर न गेलेल्या क्लासची टोचणी तेवढी वाढते, आणि टोचणी लागली की माणूस जायचं आणखी टाळतो.

हे तुमच्या एकटीचं नाही, म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली अमेरिकेतल्या हेल्थ क्लबांच्या 7,000 हून जास्त सभासदांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याची फी भरणारे लोक महिन्याला सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत होते. त्याच क्लबात दहा वेळांचा पास मिळत होता. पण त्या पासाच्या मानानं या मंडळींना एकेक खेप सुमारे 70 टक्के महाग पडत होती. नाव नोंदवताना आपण आपल्या उत्साहाच्या दिवसावरून अख्ख्या वर्षाचा अंदाज बांधतो. मीटिंगचा, तापाचा, पाहुण्यांचा दिवस त्या अंदाजात धरलेला नसतो.

तरीही क्लासवाले लुटतात, असं मी म्हणणार नाही. मोठ्या हॉलमध्ये 40 जण एकदम उड्या मारू शकतात. रिफॉर्मर एकेक अडीच मीटरच्या आसपास लांब, बाजूला हातपाय पसरायला जागा हवी, त्यामुळे बऱ्यापैकी मोठ्या खोलीतही आठ-दहाच बसतात. खोलीचं भाडं, वीज, शिकवणारीचं मानधन, सगळं त्या आठ-दहा डोक्यांवर वाटलं जातं. ज्या स्प्रिंगांवर सगळा खेळ चालतो त्या ताणून ताणून थकतात. त्या साधारण दोन वर्षांनी बदलाव्यात असं उत्पादक सांगतात. सगळ्या उपकरणांचं पूर्ण प्रशिक्षण घ्यायचं तर शिकवणाऱ्याला 450 तासांच्या आसपास द्यावे लागतात. ऐनवेळी रद्द केलं की क्लास वजा करतात, त्याचा राग येतो हे खरं. पण दहा यंत्रांतलं एक रिकामं गेलं तर त्या तासाचं दहा टक्के उत्पन्न गेलं, आणि तेवढ्या वेळात तिथे दुसऱ्या कोणाला बोलावताही येत नाही.

या धंद्याची खरी अडचण मात्र दुपार आहे. सकाळी कामाला जाण्याआधीचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन-तीन तास बॅच भरते, मधल्या वेळात यंत्रं नुसती पडून असतात. भाडं मात्र चोवीस तासांचं. ते गर्दीच्या वेळेला येणाऱ्यांकडूनच वसूल होतं. तुमचं पत्र वाचताना मी इथे थबकले. तुम्ही घरून काम करता, तरी धावता संध्याकाळच्या बॅचला. गर्दीच्या वेळेचा भाव तुम्ही मोजताय, आणि मीटिंग लांबून बुडण्याची भीतीही त्याच वेळेला सगळ्यात जास्त. दुपारी बाराची किंवा तीनची बॅच आहे का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ती स्वस्त असते. स्वस्त नसली तरी माणसं कमी असतात आणि शिकवणारीची नजर तुमच्यावर जास्त वेळ राहते. ऑफिसच्या कॅलेंडरवर तो तास आधीच अडवून ठेवा, डॉक्टरची वेळ घेतल्यावर अडवता तसाच. दुपारचा अडवलेला तास संध्याकाळच्या मोकळ्या वाटणाऱ्या तासापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

आता या पैशांत तुम्ही नेमकं काय विकत घेताय, ते बघूया. कारण ‘चूक आहे का’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

यंत्र त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो त्या जोसेफ पिलाटेस यांनी 1945 साली आपल्या पद्धतीचं जे पुस्तक काढलं, त्यात 34 व्यायाम होते आणि सगळे जमिनीवर, मॅटवर करायचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत असताना ते इतर कैद्यांकडून व्यायाम करून घेत. पुढे 1920 च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपली व्यायामशाळा काढली. स्प्रिंगांची उपकरणं त्यांचीच, आणि ती उत्तम आहेत. नवख्या शरीराला ती आधार देतात, चूक लगेच दाखवून देतात. पण या व्यायामाचा गाभा मॅटवर मावतो.

तुमच्या कंबरेला फरक पडलाय, तो खराच असणार. कंबरदुखीवरच्या पिलाटेसच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेनं 2015 साली आढावा घेतला. अगदी जुजबी उपचार घेणाऱ्यांपेक्षा पिलाटेस करणाऱ्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा पिलाटेसच सरस, असा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे तुम्ही हलायला लागलात, पोटाच्या-पाठीच्या स्नायूंना काम दिलंत, आठ तासांच्या खुर्चीत खंड पाडलात, यात त्या आरामाचा मोठा वाटा असणार. त्यासाठी दर वेळी महागडं यंत्र लागतंच असं नाही. (पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटत असेल, तर क्लास राहू द्या आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.)

दुसरी गोष्ट शिकवणारीची नजर. ही मात्र खरी मोलाची. माझ्याच तिसऱ्या-चौथ्या क्लासचं सांगते. पाठीवर निजून, तळपाय फूटबारवर म्हणजे पायाकडच्या दांड्यावर, पायांनी कॅरेज, म्हणजे आपण निजतो ती सरकती फळी, ढकलायची आणि परत आणायची. ढकलणं जमत होतं. परत येताना मात्र दर वेळी कॅरेज खट्‌कन आदळायची. मला वाटायचं, यंत्रच तसं असेल. शिकवणारी माझ्याजवळ येऊन बसली, दोन बोटं माझ्या शेवटच्या बरगडीखाली टेकवली आणि म्हणाली, “स्प्रिंग तुम्हाला ओढून आणतेय. तुम्ही स्वतः या. चार आकडे मोजत या, आवाज नको.” मी चार मोजत आले. त्या दोन बोटांखाली पोट असं काही घट्ट झालं, की ते माझंच आहे यावर विश्वास बसेना. आठव्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या, पण कॅरेज आवाज न करता टेकली. त्यानंतर घरी मॅटवर पाठीवर झोपून कंबर उचलायची आणि एकेक मणका टेकवत खाली आणायची, तेव्हाही मी तेच चार आकडे मोजत आले. यंत्र तिथेच राहिलं, बोटांनी शिकवलेलं घरी आलं.

म्हणून माझं म्हणणं आहे, की क्लासमध्ये पैसे टाकायचे ते शिकण्यासाठी. एकदा अंगात मुरलेली गोष्ट दर वेळी बारा क्लासच्या पॅकेजात पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. आणि शिकण्यासाठी जाताय, तर शिकवणारी कोण आहे याला महत्त्व येतं. 2000 साली अमेरिकेतल्या एका न्यायालयानं निकाल दिला, की पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, त्यावर कोणाची मालकी नाही. निकाल योग्यच होता, पण पाटीवर हे नाव दिसलं म्हणजे आत शिकलेलं माणूस आहे, अशी हमी त्यातून मिळत नाही. फी जास्त म्हणजे शिकवणं चांगलं, हेही गृहीत धरू नका. प्रशिक्षण कुठे, किती तासांचं घेतलंय, हे सरळ विचारा. चांगल्या शिकवणाऱ्यांना हा प्रश्न आवडतो. आणि स्वतःचं बघा: तीन महिन्यांत तुम्हाला नावानं हाक मारून, हात लावून, तुमची म्हणून एखादी चूक कोणी सुधारली का? तुमच्या कंबरेसाठी एखादा व्यायाम बदलून दिला का? नसेल, तर तुम्ही त्या दोन बोटांचे पैसे भरताय आणि हातात नुसतं यंत्र येतंय. मग शिकवणारी बदला, किंवा जागाच बदला.

याच कारणानं मी घरच्या व्हिडिओवर सगळं सोपवायला सांगणार नाही. व्हिडिओ तुम्हाला बघत नाही. शिवाय या व्यायामात कमी ताण म्हणजे सोपं, असंही नसतं. रिफॉर्मरवर प्लँकमध्ये (हातापायांवर अंग फळीसारखं ताठ धरतो तेव्हा) हलकी स्प्रिंग जास्त घाम काढते, कारण आधार कमी होतो. मॅटवरही तसंच आहे, दिसायला किरकोळ असलेल्या हालचाली चुकीच्या केल्या तर सगळा भार कंबरेवरच येतो. माहीत असलेलं घोटायला व्हिडिओ चांगला, नवं शिकायला नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात शेवटी, ‘मनातलं’ म्हणून लिहिलीत. हाक न येणारा तास. मला वाटतं, तुमच्या फीचा सगळ्यात मोठा हिस्सा याचाच आहे. जिथे कामाचं टेबल, तिथेच कुकर, तिथेच दाराची बेल, अशा घरात तुम्ही दिवसभर असता. क्लासच्या खोलीत फोन कपाटात आणि तुम्ही पाठीवर निजलेल्या. ही गरज खरी आहे, चैन नाही. तिच्यासाठी पैसे मोजले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ‘कंबरेसाठी’ म्हणून भरायचे आणि मिळवायचा एकांत, अशी गल्लत केली तर हिशोब कधीच जुळत नाही. कारण कंबरेसाठी आठवड्याला एक क्लास आणि घरचा सराव पुरला, तरी मन आणखी तीन क्लास मागत राहतं. एकांत हवा असेल तर तो मागून घ्या. तो घरातही मिळवता येतो, सकाळी एकटीनं चालायला जाऊनही मिळतो.

चालण्याचं मुद्दाम सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. रिफॉर्मर यातला दुसरा भाग बऱ्यापैकी सांभाळतं. पहिल्यासाठी भरभर चालणं लागतं, आणि त्याला कोणी फी मागत नाही.

मग करायचं काय? पुढचे दोन महिने आठवड्याला एकच सुटा क्लास घ्या, दुपारचा. पहिल्याच दिवशी शिकवणारीला स्पष्ट सांगा, की मला घरी मॅटवर करायला पाच-सहा व्यायाम बसवून हवेत, माझी कंबर बघून. दर आठवड्याला त्यातला एखादा तिच्यासमोर करून दाखवा आणि सुधारून घ्या. जमलं तर यातल्या एका क्लासऐवजी तिच्याकडून एकटीसाठी तास घ्या. तो कितीतरी महाग पडेल, पण एकदाच, आणि असे पाच-सहा व्यायाम नीट बसवून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. घरी आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं हेच व्यायाम. बाकी दिवशी चाला. यंत्राशिवायच्या, नुसत्या मॅटच्या बॅच कुठे चालत असतील तर त्याही बघून ठेवा. तिथे जास्त माणसं मावतात, म्हणून फी सहसा कमी असते आणि सोबतही मिळते.

काही जणींना घरी होत नाही म्हणजे नाहीच होत. दोन महिन्यांनी तुम्ही त्यातल्या निघालात, तर स्वतःशी भांडू नका. बाहेर जाऊन, वेळ ठरवून, माणसांत केल्याशिवाय माझ्याच्यानं होत नाही, हे कळणंही कामाचं आहे. तेव्हा आठवड्याला दोन क्लासचे पैसे डोळे उघडे ठेवून भरा. पण पॅकेज घ्याल ते मागच्या दोन महिन्यांत प्रत्यक्षात जितक्यांदा गेलात त्या आकड्याचं, मनात योजलेल्या आकड्याचं नाही. मुदत 30 दिवसांहून जास्त मिळते का, आजारी पडलात तर पॅकेज थांबवता येतं का, आणि महिना संपल्यावर खात्यातून पैसे आपोआप कापले जाणार आहेत का, हे सही करण्याआधी लेखी बघा. शेवटचं तर आजच तपासा.

आता नवऱ्याचं. वर सांगितलेला हिशोब मांडून बघा. महिन्याला चार सुटे क्लास दीडपट भावानं म्हणजे सहा क्लासचे पैसे, तुमच्या आजच्या फीच्या बरोबर निम्मे. तुम्ही त्यांना जो आकडा सांगितलात, तोच पुढच्या महिन्यापासून खरा होतो. म्हणून मोह होईल, की आता काही सांगायलाच नको, आपोआप मिटलं. तसं करू नका. तीन महिने तुम्हाला ते खात होतं, आणि ते खाणं आकडा जुळल्यानं थांबणार नाही. एखाद्या संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर सांगा. मी खरी फी सांगितली नव्हती, तुम्ही नको म्हणाल अशी भीती वाटली. एवढी भरत होते, आता एवढी भरणार आहे. कदाचित ते चिडतील. पैशांपेक्षा लपवल्याचं त्यांना जास्त लागेल, आणि त्यांना तसं लागण्याचा हक्क आहे. ऐकून घ्या. पण त्याच वेळी तुमच्या खर्चाला तुम्ही ‘परवानगी’ लागणारी गोष्ट का मानलीत, हेही दोघांनी बोला. तुम्ही कमावता, घराचा किराणा जसा गरजेचा तशी तुमची पाठही गरजेची. ती गोष्ट चोरून करायची वेळ का आली, याचं उत्तर तुमच्या एकटीकडे नसेल.

आणि बोलताना ‘व्यायामाला वेळ हवा’ एवढ्यावर थांबू नका. मला सांगितलंत तेच त्यांना सांगा: मला असा तास हवाय, ज्यात मला कोणी हाक मारणार नाही. घरी करायचे ते दोन दिवस आत्ताच ठरवा, समजा मंगळवार आणि शुक्रवार. खोलीचं दार लावलेलं, फोन बाहेर, आणि त्या वेळात घरातली प्रत्येक हाक त्यांच्याकडे. मॅट आदल्या रात्रीच अंथरून ठेवा.

दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. किती वेळा गेलात, घरी किती झालं, खरे आकडे लिहा, कमी असले तरी लिहा. आणि परत येताना कॅरेज अजून आदळते का, तेही कळवा.